पोट्टीची गाडी

कंपनीनं बंद केली, हाव, लय वर्सं झाले.
आता केबल येत नाही, किकचा शाफ्ट येत नाही,
बाजूचा जांभळा पत्रा तं विचारूच नका.
भंगारातून दोन मेलेल्या आणून ठेवल्या मी
मागच्या टिनाखाली.
त्याईचं एकेक काढून
या जित्या अकरा जगवून राहिलो.

हलकी होती ना बाप्पा.
सोळाच्या पोरीनं एका हातानं स्टँडवर लावावी,
रात्री दोघी बहिणींनी पायरीवरून उचलून
वऱ्हांड्यात घ्यावी, इतकी हलकी.
फुटाळ्यावर वारा सुटला
का गाडी एकीकडे जाये, पोट्टी दुसरीकडे.
धरमपेठेत शिकवणीच्या बाहेर चाळीस उभ्या राहत.
एकीले धक्का लागला का सगळ्या आडव्या,
अन् ज्याईच्या पडल्या त्याच हसत.

मग त्या गेल्या.
कोणी पुण्याले, कोणी हैदराबादले,
एक तं इतक्या दूर
का इथं दुपारचा एक वाजला
का तिचे बाबा घड्याळ पाहून म्हणते,
"झोपली असन आता."

गाड्या राहिल्या बापाईजवळ.

पोस्टातून रिटायर, वेकोलितून रिटायर,
एक जण मॉडेल मिलमधला,
त्याले बंद पडलेल्या गोष्टीची सवय आहे.
उंच उंच माणसं. गुडघे हँडलले लागतेत.
समोरच्या टोपलीत मेथी, सांबार, बीपीच्या गोळ्या.
सिग्नलवर बुलेटवाले पोट्टे म्हणतेत,
"काका, रंग शोभते तुमाले."
हे काही बोलत नाहीत.
हिरवा झाला का सगळ्यायच्या मागून निघतेत.

मी म्हणतो, भाऊ, इलेक्ट्रिक घेऊन टाका.
माह्या पोरीनं घेतली.
आवाज नाही, धूर नाही,
अन् मले हात लावाले काही नाही.
"पाहू," म्हणतेत.
पुढच्या महिन्यात पुन्हा हजर,
"गुणवंता, जरा स्टार्टिंगचा त्रास आहे."
मीटर पाहतो. महिन्यात चौदा किलोमीटर.
त्रास कशाचा.
प्लग पुसतो, पन्नास रुपये घेतो,
चहा पाजतो तीसचा.

मे महिन्यात पिंपळखुटे साहेब ढकलत आले,
प्रतापनगरापासून, भर उन्हात,
सीट अशी का वर पोळी भाजावी.
मी डिक्की उघडली पाना काढाले.
आत स्कार्फ, तोंडाले बांधाचा,
पांढरा होता म्हणते कधी.
दोन दात तुटलेला क्लचर.
पेट्रोलची पावती, अक्षरं उडालेली.
संत्र्याची साल, वाळून टणक,
वास घेतला तं थोडासा होता.
मी फडकं घेतलं.
साहेब म्हणाले,
"डिक्की राहू दे."

राहू दिली.

तसा हॉर्नही राहू देतो मी एकाचा.
बकरीवानी वाजते तो. पण ती कोपऱ्यावर आली
का तिच्या मायले आतूनच समजे,
अन् कुकरखालचा गॅस मोठा होये.
माय नाही आता. हॉर्न आहे.

एक गोष्ट कोणाले सांगू नका.
पिंपळखुटे साहेबाले गाडी येतच नव्हती.
तीस वर्सं सायकलनं ड्युटी केली.
पोरगी गेली, मग एकसष्टीत शिकले,
याच गाडीवर, पहाटे साडेचारले,
कोणी पाहू नये म्हणून रेशीमबागच्या मैदानात.
दोनदा पडले. घरी सांगितलं, बाथरूममध्ये घसरलो.

अजूनही निघताना
दोन्ही पाय रस्त्यावर घासत जातेत थोडा वेळ,
नव्या पोट्टीवानी.
सीटवर ओलं पोतं टाकून दिलं मी त्या दिवशी.
बसले. आरसा नीट केला,
त्यात स्वतःलेच पाहिलं असन.
मग डावा इंडिकेटर देला
अन् सरळ गेले.

चौकापर्यंत
तो लुकलुक करत होता.